तिकीट आधी, टिप नंतर

इंग्लंडात फ्लोरिडाची सहल जानेवारीतच सुरू होते. नाताळची सुट्टी संपलेली असते, दुपारी चारलाच काळोख पडतो आणि टीव्हीवर निळ्याशार आकाशाखाली सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर धावणाऱ्या मुलांची जाहिरात लागते. आम्ही रेडिंगला राहतो. आमच्या गल्लीत, शाळेच्या फाटकाशी, ऑफिसात चहा करताना त्या दिवसांत एकच विचारणा असते: तिकिटं काढलीत का? विमानाची नव्हेत, डिस्नेच्या पार्कची.

हे वेड आहे असं मला कधीच वाटलं नाही. नवरा व्हॅन चालवतो आणि बायको शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, असं घर दोन-तीन वर्षं पैसे बाजूला टाकून ऑरलँडोला जातं, फ्लोरिडातलं ही पार्कं असलेलं शहर ते. तीन वर्षांखालच्या मुलाला पार्कचं तिकीट लागत नाही, म्हणून धाकट्याचा वाढदिवस यायच्या आतली तारीख धरायची. शाळा चालू असताना मुलाला नेलं तर दंड, तोही आई आणि बाप दोघांना वेगवेगळा, प्रत्येक मुलामागे ८० पौंड. म्हणजे उरल्या शाळेच्या सुट्ट्या, फेब्रुवारीतली हाफ टर्म म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, ईस्टर, उन्हाळा वगैरे, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात महाग. मग वही काढली जाते, रकाने आखले जातात. आमच्या शेजारणीच्या वहीत डिस्नेच्या चारही पार्कांना वेगवेगळे रंग होते. २०२५ च्या मे महिन्यात युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं, तेव्हा तिने अख्खा हिशेब पुन्हा मांडला.

ब्रिटिश गिऱ्हाइकासाठी डिस्ने चौदा दिवसांचं तिकीट ठेवते. अमेरिकेत राहणाऱ्याला नेहमीचं तिकीट मिळतं ते जास्तीत जास्त दहा दिवसांचं. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, याचं मोठं नवल वाटलं होतं. पाहुण्याला जास्त आणि घरच्याला कमी, हे कसं? कारण साधं आहे. चौदा दिवस सलग सुट्टी काढणारा माणूस ब्रिटनमध्ये सापडतो. इथल्या कायद्याने पूर्णवेळ नोकरदाराला वर्षाला किमान २८ दिवस भरपगारी रजा मिळते, बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, त्यात धरून. अमेरिकेत भरपगारी रजा द्यायला लावणारा केंद्रीय कायदाच नाही. आपण ज्या गावात दोन आठवडे सुट्टीवर जातो, तिथे आपल्याला कॉफी आणून देणाऱ्या बाईला दोन आठवड्यांची सुट्टी बहुतेक कधी मिळालेली नसते. ही गोष्ट तिकिटावर छापलेली नसते, पण तिकीट हातात घेतलं की मला ती आठवते.

तिकिटाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा मोठ्या माणसाला दाराशी साडेतीन डॉलर पडत. आत मात्र प्रत्येक पाळण्याचं, प्रत्येक होडीचं कूपन वेगळं. ए पासून ई पर्यंत अक्षरं होती. ए म्हणजे किरकोळ आणि ई म्हणजे सगळ्यात भारी, त्याचे ९० सेंट. कूपनांची पुस्तकं विकत घ्यायची आणि ई संपली की मुलांची समजूत काढत ए वर बसवायचं. १९८२ मध्ये एपकॉट हे दुसरं पार्क उघडलं त्या सुमारास ही पुस्तकं गेली आणि एकच तिकीट आलं: आत शिरा, मग हवं त्यात बसा. १९९९ मध्ये रांग चुकवायची फास्टपासची सोय आली, तीही फुकट. २०१८ पासून तारखेनुसार किंमत बदलू लागली. २०२१ पासून रांग चुकवायचे पैसे वेगळे झाले. २०२५ च्या नाताळात मॅजिक किंगडम या पहिल्या पार्कचं एका दिवसाचं तिकीट १९९ डॉलर होतं, वर कर. रांग चुकवायची तर आणखी मोजा. थोडक्यात, मधली चाळीसेक वर्षं जी एक किंमत होती तिचे पुन्हा तुकडे झाले. फक्त आता कूपनं नाहीत, फोन आहे.

स्वस्त तिकिटांचाही एक बाजार आहे. विमानतळावरून डिस्नेजवळच्या किसिमी गावाकडे वळलं की हायवे १९२ वर, पॅनकेकची दुकानं आणि मोटेलं यांच्यामधून, अर्ध्या किमतीत डिस्ने अशा पाट्यांच्या टपऱ्या दिसतात. त्यातल्या बऱ्याच टाइमशेअरवाल्यांच्या. तिकीट स्वस्तात देतील, पण त्याआधी दीड तास म्हणून बोलावून, गोड बोलून, सुट्टीच्या घराचा हिस्सा गळ्यात मारायचा प्रयत्न करतील, आणि दीड तासाचा अर्धा दिवस होतो. दुसरा प्रकार उरलेल्या दिवसांच्या तिकिटांचा. कुणाचे सातातले तीन दिवस शिल्लक, ते विकत घ्यायचे. फ्लोरिडाच्या कायद्यात अशी बहुदिवसीय तिकिटं दुसऱ्याला विकणं गुन्हा आहे, आणि दाराशी बोट टेकवून घेतात ते याचसाठी. तिकीट ज्या बोटाने सुरू झालं त्याच बोटाने पुढचं दार उघडतं. ब्रिटिश कुटुंबं यात सहसा फसत नाहीत. ती घरूनच पक्की तिकिटं घेऊन निघतात. तिकिटाच्या बाबतीत त्यांच्याइतकी चोख माणसं मी पाहिलेली नाहीत.

म्हणूनच मला त्यांच्या टिपेबद्दल लिहावंसं वाटतं.

शेजारणीच्या त्या वहीत पार्क होती, गाडीचं भाडं होतं, पार्किंग होतं, मिकीच्या कानांच्या टोप्या होत्या. टिपेचा रकाना नव्हता. तिच्यावर रागवायचं कारण नाही. जिथे पाटीवरची किंमत हीच किंमत असते अशा देशात ती वाढली आहे. ब्रिटनमध्ये दुकानात लिहिलेल्या आकड्यात व्हॅट आलेला असतो. पबमध्ये बारवर बिअर घेतली तर टिप कुणी मागत नाही. लंडनच्या रेस्टॉरंटात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात, पण तो ऐच्छिक असल्याचं बिलावरच छापलेलं असतं. अमेरिकेत मात्र पाटीवरच्या आकड्यात कर नसतो आणि वाढणाऱ्याचा पगारही पुरता नसतो. किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत आहे तिथे विक्रीकर साडेसात टक्के. मेनूकार्डावर ६० डॉलरचा नाश्ता घेतला की साडेचार डॉलर कर आणि २० टक्क्यांप्रमाणे १२ डॉलर टिप, मिळून साडेशहात्तर. तिकिटाच्या वेळी पाच पौंडांसाठी चार दिवस घासाघीस करणाऱ्या माणसाला हे साडेसोळा डॉलर आपल्याला लुटल्यासारखे वाटतात. आणि त्यातला कर नाइलाजाने भरावाच लागत असल्यामुळे सगळा राग टिपेवर निघतो.

आम्ही गेलो ते फेब्रुवारीच्या हाफ टर्ममध्ये. नाना आणि सासूबाई सातारहून आलेले होते, त्यांचा अमेरिकेचा व्हिसा वेगळा काढावा लागला. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना ईएस्टाचा, म्हणजे व्हिसाऐवजीच्या परवानगीचा, ऑनलाइन अर्ज पुरतो, भारतीय पासपोर्टला मुलाखत. असो. ऑरलँडो इंग्लंडच्या पाच तास मागे, त्यामुळे पहिले काही दिवस घरातली मोठी माणसं पहाटे तीन-चारलाच टक्क जागी. मुलं झोपलेली. नानांना सकाळचा चहा लागतो आणि भाड्याच्या घरातली किटली काही केल्या नानांच्या मनासारखी चालेना. मग मी आणि नाना हायवेवरच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका खाणावळीत जाऊन बसायचो.

तिथे पहाटेच्या पाळीला एक बाई होत्या. साठीच्या आसपास, केस मागे घट्ट बांधलेले, पायांत जाड तळव्यांचे काळे बूट. गिऱ्हाईक नसलं की त्या आमच्या शेजारच्या टेबलावर बसून एकच काम करायच्या. कागदी रुमाल तिरका अंथरायचा, त्यावर काटा, त्यावर सुरी, खालचं टोक वर दुमडायचं, दोन्ही बाजू आत घेऊन गुंडाळी करायची आणि भोवती डिंक लावलेली कागदाची पट्टी चिकटवायची. एक झाली की करड्या ट्रेमध्ये. बघता बघता ट्रे भरायचा आणि दुसरा यायचा. नाना आयुष्यभर शाळामास्तर, गप्प बसवतच नाही त्यांना. त्यांनी त्यांच्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत विचारलं, "बाई, या कामाचे वेगळे पैसे मिळतात का तुम्हाला?"

त्या हसल्या. "नाही हो. हे पण त्याच पगारात. मीठदाण्या भरणं, सॉसच्या बाटल्या पुसणं, कॉफीचं मशीन धुणं, सगळं त्यातच. माझे पैसे तुम्ही देता."

त्यांनीच मग समजावून सांगितलं. टिप जमली की ती सगळी त्यांची नसते. टेबल आवरणाऱ्या पोराला, दाराशी गिऱ्हाइकाला जागा दाखवणाऱ्या मुलीला त्यातला वाटा द्यायचा, आणि तो वाटा टिपेवर नव्हे, त्यांनी किती रुपयांचं, म्हणजे डॉलरचं, खाणं विकलं त्यावर ठरतो. एखादं मोठं टेबल भरपूर खाऊन काहीच न ठेवता उठलं तर त्या टेबलाचा वाटा त्यांच्या पदरचा जातो. "तुमच्याकडची माणसं," त्या मला म्हणाल्या, माझ्या बोलण्यावरून मी इंग्लंडची हे त्यांनी ओळखलं होतं, "फार गोड बोलतात. इतकं प्लीज आणि थँक यू दुसरं कुणी म्हणत नाही. मुलंसुद्धा वळण असलेली. पण उठून गेली की ताटाखाली कधी कधी नाणी असतात."

नाणी या शब्दावर त्यांचा आवाज बदलला नाही. त्यांनी पुढची गुंडाळी वळली. मला मात्र ते ऐकवेना. कारण नाणी ठेवणारा माणूस कंजूष नसतो, हे मला ठाऊक आहे. तो घरी खिशातली चिल्लर ठेवतो तशीच इथेही ठेवतो, आणि आपण वागलो ते चांगलंच अशी त्याची समजूत असते.

ही पद्धत आली कुठून, हे शोधताना मला आगगाडीच्या डब्यात शिरावं लागलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, गुलामी कायद्याने गेली, आणि जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने झोपायच्या सोयीच्या रेल्वे डब्यांवर पोर्टर म्हणून काळ्या पुरुषांना नेमलं. त्यांतले कितीतरी नुकतेच गुलामीतून सुटलेले. बिछाने घालायचे, बूट चमकवायचे, रात्रभर जागायचं. पगार इतका कमी की प्रवाशाच्या बक्षिसीवाचून घर चालू नये. १९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला उभे राहिले रॉबर्ट टॉड लिंकन, अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव, कंपनीचे माजी अध्यक्ष. पोर्टरचा पगार तेव्हा महिना साडेसत्तावीस डॉलर होता. बाकीचं प्रवासी देतात, ही कंपनीची भूमिका. ज्यांच्या वडिलांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला त्यांच्याच तोंडून हे यावं, याने मला खरोखर धक्का बसला. पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. बारा वर्षं लढले ते. मागणी अगदी साधी होती: पगार पगारासारखा द्या.

मधल्या काळात अमेरिकेनेही टिपेला विरोध करून पाहिला होता, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपेवर बंदी घालणारा कायदा केला, पाठोपाठ दक्षिणेतल्या काही राज्यांनी केला. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे मागे घेतले गेले. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यात हॉटेल-रेस्टॉरंटातले कामगार धरलेच नव्हते. १९६६ मध्ये धरले, पण अशा अटीवर की त्यांना मिळणारी टिप मालकाला किमान वेतनात मोजता येईल. केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायची रोख रक्कम १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. १९९१ पासून. मधल्या काळात साधं किमान वेतन वाढत वाढत २००९ मध्ये सव्वासात डॉलरवर येऊन थांबलं, हे २.१३ मात्र हललेलं नाही. टिप धरूनही सव्वासात होत नसतील तर फरक मालकाने भरायचा, असं कायदा म्हणतो. पण तो फरक मागायचा कुणी? जिला पुढच्या आठवड्याची पाळी त्याच मालकाकडून हवी आहे, तिने.

फ्लोरिडात परिस्थिती बरी आहे, आणि ती मतदारांनी केली आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे लोकांनी मतदान करून किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर न्यायचं ठरवलं. ३० सप्टेंबर २०२५ पासून ते १४ डॉलर आहे. टिप मिळणाऱ्यांसाठी त्यातून ३ डॉलर २ सेंट वजा, म्हणजे १०.९८. कॅलिफोर्नियात ही वजावटच नाही. म्हणून लॉस एंजेलिसजवळच्या डिस्नेलँडला जाणाऱ्याने आणि ऑरलँडोला जाणाऱ्याने एकच नियम पाठ करून उपयोग नाही, असं कुणी म्हणेल. पण घरभाडं दोन्हीकडे असं आहे की टिपेशिवाय कुणाचंच भागत नाही, आणि टेबलावरची रीतही दोन्हीकडे सारखीच, १८ ते २० टक्के.

हे सगळं मी नानांना तुकड्यातुकड्यांनी सांगत होते. २.१३ चा आकडा ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर आमच्या खळ्यावरचं झालं."

नाना वाई तालुक्यातल्या शेतकरी घरातले, पंचाहत्तरी ओलांडलेले. त्यांच्या लहानपणी बलुतं चालू होतं. "आजोबा खळ्यावर बसायचे," ते सांगू लागले. "सुतार, लोहार, परीट, न्हावी, कुंभार, सगळे यायचे. वर्षभराचं काम झालेलं असायचं त्यांचं. नांगर भरून दिलेला, विळ्यांना धार काढून दिलेली. कुणाला किती पेंढ्या ते रीतीने ठरलेलं, पण देणारा हात आजोबांचा. ज्याच्यावर मर्जी त्याला भरगच्च, ज्याच्याशी बिनसलं त्याला झाडून काढलेलं. आणि काम करणाराच हात जोडून उभा, आम्ही देणारे. मला ते बघवत नसे, पण बोलायची टाप नव्हती."

त्या खळ्याच्या कडेला सगळ्यात शेवटी कोण उभं राहायचं, तेही नानांनी सांगितलं. महार वतनाचं काम म्हणजे गावाचंही आणि सरकारचंही. निरोप, राखण, टपाल, मेलेलं ढोर ओढणं. मोबदला मात्र गावाच्या लहरीवर. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच, की बलुत्याऐवजी कामाचा ठरलेला रोख मोबदला मिळावा, गावाच्या मर्जीचा प्रश्नच उरू नये. तेव्हा ते झालं नाही. वतन संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. पुलमनचे पोर्टर संघटना बांधून करारासाठी झगडत होते त्याच दशकातली ही मागणी. दोघांचं म्हणणं शब्दाला शब्द लावून पाहिलं तरी जुळतं: काम आम्ही केलं आहे, मोबदला मर्जीने नको, हक्काने द्या.

नानांनी त्या दिवशी बिलावर किती लिहायचं ते मला विचारून स्वतःच्या हाताने लिहिलं. अमेरिकेत कार्ड घेऊन वेट्रेस आत जाते. ब्रिटनमध्ये २००६ पासून पिन दाबायची सवय लागलेल्या लोकांना हेच आधी धास्तीचं वाटतं. मग ती दोन कागद आणते, बिलाच्या खाली दोन रिकाम्या ओळी असतात, टिप आणि एकूण, आणि खाली सही. त्या ओळींसमोर पेन धरून बसलेली ब्रिटिश कुटुंबं मी अनेकदा पाहिली आहेत. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, हळू आवाजात टक्केवारी काढतात, मुलं कंटाळलेली असतात. मला वाटतं हा संकोच पैशांचा कमी आणि अधिकाराचा जास्त असतो. दुसऱ्या माणसाच्या आजच्या मजुरीचा आकडा आपण लिहायचा, त्याच्या देखत. सभ्य माणसाला ते अवघड जाणारच. खळ्यावर बसायची सवय नसलेल्याला खळ्यावर बसवलं तर तसंच होईल.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं निराळं आहे. तो म्हणतो, आपण मुकाट्याने २० टक्के देत राहिलो म्हणूनच मालकांचं फावतं. सगळ्यांनी देणं थांबवलं तर त्यांना पगार वाढवावेच लागतील. मला हे अजिबात पटत नाही, आणि यावर आमचं चांगलंच वाजलेलं आहे. टिप थांबली तर पहिल्या महिन्यात कोण उपाशी राहील? मालक नाही. कायदे बदलले ते टेबलावर पैसे न ठेवून बदलले नाहीत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००९ पर्यंत टिपेचे पैसे किमान वेतनात धरायची मुभा मालकांना होती. ती काढली सरकारने, कामगार संघटनांनी लावून धरल्यावर. पुढेही कितीतरी ठिकाणी कार्डावरच्या टिपेतून मालक कापून घेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आणि टिपेचा पैन् पै कामगारांत वाटणं बंधनकारक झालं. हे सगळं संसदेत झालं. फ्लोरिडातही मतपेटीत झालं. परदेशी पाहुण्याला तिथे मत नाही; त्याच्या हातात फक्त समोरच्या बाईची आजची मजुरी आहे. मग तिथे तत्त्वाची लढाई लढून तिचे पैसे कापायचे, याला मी लढाई म्हणणार नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने टिपेच्या वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या कमाईवर आयकरात सूट दिली, ती २०२८ पर्यंत आहे. चांगलं आहे, पण त्याने देणारा हात बदलत नाही.

आणि पार्कच्या आतलं चित्र वेगळं आहे, हेही लोकांना माहीत नसतं. राइडमध्ये बसवून पट्टा आवळणारा मुलगा, रस्ते झाडणाऱ्या बाई, खिडकीवर बर्गर देणारे, यांना टिप द्यायची नसते. डिस्नेत त्यांची संघटना आहे. २०१८ मध्ये तिने झगडून तासाला किमान १५ डॉलरचा करार मिळवला, २०२३ मध्ये १८ चा. म्हणजे त्या महागड्या तिकिटातला थोडा तरी पैसा ठरलेल्या पगाराच्या वाटेने खाली पोचतो. त्याच पार्कमध्ये टेबलावर वाढणारं रेस्टॉरंट असेल तर तिथे टिप आहेच, आणि सहा किंवा अधिक माणसं असली तर १८ टक्के बिलातच लावलेले असतात. आम्ही सहा जण होतो, त्यामुळे आम्हाला प्रत्येक वेळी तसंच बिल यायचं. ते नीट वाचावं. खाली पुन्हा एक रिकामी ओळ असते, ती भरलीच पाहिजे असं नाही.

शेजारीण या ईस्टरला पुन्हा निघाली आहे. परवा चहाला आली तेव्हा वही घेऊनच आली, आणि मी न सांगता तिने नवा रकाना आखलेला होता. मी तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं लिहून दिलं. बसून खाल्लं तर करापूर्वीच्या रकमेवर १८ ते २० टक्के. स्वतः वाढून घ्यायचा बुफे असेल तर १० टक्के. बारमध्ये पेल्यामागे एक-दोन डॉलर. बॅगा उचलणाऱ्याला नगामागे तेवढेच. हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईंसाठी रोजच्या रोज तीन ते पाच डॉलर उशीजवळ, चिठ्ठी लिहून. शेवटच्या दिवशी एकदम ठेवले तर ते भलत्याच बाईंना मिळतात, कारण रोज तीच व्यक्ती येत नाही. पौंड बदलून घेताना विसाच्या नोटा हातात देतात, तेव्हा एक-एकच्या मागून घ्यायच्या. आणि हा सगळा आकडा तिकिटं काढायच्या दिवशीच बाजूला ठेवायचा, तिकिटाचाच एक भाग समजून.

"आणि एखादीने वाईट वागवलं तर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मॅनेजरला बोलाव आणि तोंडावर सांग, तुम्हा इंग्रजांना ते जड जातं पण सांग. टिप मात्र १५ टक्क्यांच्या खाली आणू नकोस. स्वयंपाकघरातून अन्न उशिरा आलं असेल, तिच्या वाट्याला आठ टेबलं दिली असतील, तुला ते बसल्या जागेवरून दिसत नाही. तिने रकान्यात १८ लिहिलं, थोडा विचार करून ते खोडलं आणि २० केलं. मग म्हणाली, असं असेल तर एपिक युनिव्हर्सचा एक दिवस कमी करावा लागेल, आणि आम्ही कॅलेंडर काढून कोणता दिवस गाळायचा ते पाहत बसलो.